सड्यावरची सायकल : साताऱ्याच्या पवनचक्क्यांमधले मुरमाड रस्ते

ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, घेतली की महाराष्ट्रात लगेच प्रश्न पडतो, ही चालवायची कुठे? घाटरस्ते डांबरी झाले आणि डांबरामागून गाड्या आल्या. शनिवार-रविवारी ताम्हिणीत किंवा वरंध्यात सायकल चालवणं म्हणजे हॉर्न ऐकत चढणं. गडांच्या वाटांवर सायकल निम्मा वेळ खांद्यावर असते. रुंद, कच्चं, उंचावरचं आणि गाड्या नसलेलं असं मधलं काही हवं असेल, तर सातारा आणि पाटण तालुक्यांतले सडे, म्हणजे उंचावरची सपाट कातळी पठारं, गाठावेत. चाळकेवाडी, वनकुसवडे, सडावाघापूर या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून मुरमाचे रस्ते जातात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून इथे पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पातं हे एकसंध, लांबलचक असतं. ते ट्रेलरवरून आणायचं तर वळणं मोठ्या त्रिज्येची लागतात, आणि क्रेन उभी करायची तर पाया दाबलेला, रुंद आणि फार चढ-उतार नसलेला लागतो. म्हणून सड्याच्या माथ्यावर प्रशस्त कच्चे रस्ते झाले. पवनचक्की एकदा फिरू लागली की त्या रस्त्यावरून देखभालीची जीप, गुरं आणि वाडीतली एखादी मोटारसायकल एवढीच ये-जा उरते. ठोसेघरचा धबधबा आणि मुख्य रस्त्यालगतची फोटोची ठिकाणं मागे टाकली की आठवड्याच्या मधल्या वारी तासन्‌तास गाडी दिसत नाही. पावसाळ्यातले आणि फुलांच्या दिवसांतले शनिवार-रविवार मात्र यात धरू नयेत.

इथे येणारे बहुतेक जण घाटाची तयारी करून येतात आणि थकतात ते सड्यावर. सातारा शहर साधारण सातशे मीटर उंचीवर, सडा अकराशेच्या आसपास. शहराच्या बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगडाच्या पायथ्यावरून उरमोडी धरणाचं पाणी बघत पुढे जायचं, बोरणे घाट चढून ठोसेघर आणि तिथून चाळकेवाडी, असं तीसेक किलोमीटरचं अंतर. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या घाटाचा चढ बहुतेक ठिकाणी पाच ते सात टक्क्यांत राहतो. लय धरली की तो आपोआप सरतो. वर पोचल्यावर नकाशातली रेघ सपाट दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. खरं काम तिथे सुरू होतं. सुटा मुरूम, आडवा वारा आणि सावलीचं एकही झाड नाही. डांबरावर पंचवीसच्या वेगाने जाणारा सायकलस्वार सड्यावर तासाला दहा ते तेरा किलोमीटर काढतो. वेळेचं गणित याच आकड्यावर बसवावं. सड्यावर तीस किलोमीटरचा फेरा मारायचा असेल तर तीन तास धरा आणि परतीचा घाट वेगळा मोजा.

पायाखालचं चार प्रकारचं

सड्याचा वरचा थर जांभ्याचा. उघडा कातळ कोरडा असताना चाकाला सँडपेपरसारखा धरतो. त्यावर ब्रेकही लागतात आणि वळताही येतं, फक्त खड्ड्यांमुळे हात दुखतात. हाच कातळ जूनपासून काळपट होतो, त्यावर शेवाळ चढतं, आणि तेव्हा त्यावर ब्रेक दाबणं किंवा हँडल वळवणं, दोन्ही नाही. वेग आधीच कमी करायचा, सायकल उभी ठेवायची आणि सरळ पलीकडे जायचं.

दुसरा प्रकार मुरूम. रोलर फिरवून, पाणी मारून बसवलेला मुरूम हा ग्रॅव्हल बाइकसाठी महाराष्ट्रातला सगळ्यात चांगला रस्ता आहे असं माझं मत आहे. डिसेंबर-जानेवारीत तो घट्ट असतो आणि त्यावर अठराचा वेगही मिळतो. मार्चनंतर वरचा थर सुटून धूळ होते. पहिल्या पावसात तोच मुरूम लाल माती मिसळून टायरला चिकटतो, आणि टायर व फ्रेममध्ये जागा कमी असेल तर चाक अडतं. दोन्ही बाजूंना आणि वर किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. चिखलाच्या दिवसांत दहा असेल तर उत्तम. फ्रेममध्ये जेमतेम बसणारा ४५ (मिलिमीटर रुंदी) चा टायर पावसाळ्यात घालण्यापेक्षा ४० चा घालून जागा राखलेली बरी.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. जांभ्यातून सुटलेले वाटाण्याएवढे गोल, लालसर खडे कातळावर किंवा दाबलेल्या मुरुमावर पसरलेले असतात. चाकाखाली ते बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात. सायकल पडते ती जवळजवळ नेहमी इथेच, आणि तेही वळणाच्या बाहेरच्या कडेला, कारण गाड्यांची चाकं खडे तिथे लोटून ठेवतात. चाकोरीतून जायचं. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा आणि कडेची पट्टी टाळायची. चाकोरी बदलायची असेल तर वळणाआधी, सरळ भागात. वळणात कधीच नाही.

चौथी, खडी. जिथे रस्त्याचं खडीकरण होऊन डांबरीकरण राहिलेलं असतं तिथे काळ्या बेसॉल्टची फोडलेली खडी पडलेली असते, लिंबाएवढी आणि धारदार. रोलर न फिरवलेल्या अशा खडीवर सायकल चालवण्यात शौर्य काहीच नाही. टायरची बाजू कापली जाते आणि दिवस संपतो. दोन-तीनशे मीटरचा पट्टा असेल तर उतरून चालावं. जुना असेल आणि गाड्यांनी दाबला असेल तर मधून, मध्यम वेगाने, ढुंगण सीटवरून किंचित उचलून.

सायकल कशी असावी

ग्रॅव्हल बाइकच हवी असं नाही. पुढे शंभर मिलिमीटर सस्पेन्शन असलेली हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक, इथे तितकीच चालते आणि उतरताना जास्त आरामाची. घाटाच्या डांबरावर ती थोडी जड जाते इतकंच. ७०० बाय ३८ चे टायर बसणारी हायब्रिड, डिस्क ब्रेकसह, हिवाळ्यात पूर्ण फेरा करू शकते. रोड बाइकवर ३२ चे टायर घालून येण्याचा विचार मात्र सोडावा. तिचा अडसर टायरपेक्षा गिअरचा जास्त आहे.

गिअरचं गणित एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. पुढे ३० दातांची चकती आणि मागे ३४ ची असेल तर मिनिटाला सत्तर पायडलला सायकल तासाला आठ किलोमीटरने चालते. पुढे ४० आणि मागे ४२ असेल तर पावणेनऊने. रोड बाइकची नेहमीची जोडी, पुढे ३४ आणि मागे २८, सत्तर पायडलला अकरा किलोमीटर मागते. सायकल, सामान आणि माणूस मिळून पंच्याऐंशी किलो धरले तर दहा टक्क्यांच्या कच्च्या चढावर आठच्या वेगाला साधारण सव्वादोनशे वॉट लागतात. अकराच्या वेगाला तीनशेच्या वर. घाटात दहा टक्के क्वचितच लागतो. पण सड्यावरून वाडीकडे उतरणारे जोडरस्ते कुठल्याही मापात न बसवता काढलेले असतात आणि त्यांवर बारा-पंधरा टक्केही लागतात. सुट्या मुरुमावर उभं राहून पायडल मारता येत नाही, कारण मागच्या चाकावरचं वजन गेलं की ते जागीच फिरतं. म्हणजे बसूनच चढायचं, आणि बसून चढायचं तर पुढच्यापेक्षा मागची चकती मोठी हवी. नवी सायकल घेताना विक्रेत्याला हेच आधी विचारा. किती गिअर आहेत या आकड्याला इथे काही अर्थ नाही.

टायर ४० मिलिमीटर किमान आणि ४५ योग्य. मधली पट्टी बऱ्यापैकी गुळगुळीत आणि कडेला गुट्या असलेला टायर घाटातल्या डांबरावरही त्रास देत नाही. बाजूला जाड संरक्षक थर असलेला टायर ऐंशी-शंभर ग्रॅमने जड असतो. ते वजन इथे बिनतक्रार वाहावं.

हवेचा दाब हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) ४० च्या टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करावी. ४५ च्या टायरमध्ये पुढे २६, मागे २९. ट्यूब असेल तर पाच-सहा पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. वजनात दर पाच किलोंच्या फरकाला साधारण एक पीएसआय. सड्यावर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये तपासून घ्या. रिम दगडाला आपटल्याचा ठणका एकदाही आला नाही आणि हात बधिर होतायत, तर दाब दोनने कमी करा. ठणका वारंवार येतोय, तर दोनने वाढवा. साताऱ्यातून निघताना घाटासाठी जास्त हवा भरून वर गेल्यावर काढणं हा उद्योग करू नये. घाटात कमी दाबाने फार तर पाच-सात मिनिटं जास्त जातात.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधली बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव, ४० च्या टायरला ६० ते ७५ मिलिलिटर, ४५ ला ८० ते ९०. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाजवळ हलवून आत पाण्यासारखा आवाज येत नसेल तर सीलंट उरलेलं नाही.

ब्रेकच्या पॅडबद्दल एकच सांगणं, धातूमिश्रित पॅड घाला. साधे रेझिनचे पॅड हिवाळ्यात चालतात, पण पावसात लाल चिखलाचं पाणी रोटरवर (डिस्क ब्रेकच्या चकतीवर) चढलं की एका लांब फेऱ्यात ते धातूच्या पट्टीपर्यंत झिजू शकतात, आणि मग बोरणे घाट उतरायचा असतो. त्या पाण्यातले लोहाचे बारीक कण पॉलिश पेपरचं काम करतात. साखळीचंही तेच. कोरड्या दिवसांत ओलं तेल लावलं की लाल धूळ त्यात बसते आणि त्याची घासणारी पेस्ट तयार होते. नोव्हेंबर ते मे मेणाचं कोरडं वंगण. ओलं तेल फक्त पावसाळ्यात, आणि फेरा संपल्यावर त्याच दिवशी साखळी पुसून.

बाजू कापली तर

सड्यावरची सगळ्यात सामान्य आपत्ती म्हणजे टायरची बाजू कापणं, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. पांढरं सीलंट फवारताना दिसलं की लगेच थांबा आणि चाक असं फिरवा की भोक सगळ्यात खाली येईल. सीलंट तिथे जमतं आणि बारीक भोक अर्ध्या-एक मिनिटात बंद होतं. फवारा थांबला नाही तर रबरी वातीचा प्लग सुईने आत घालायचा. सुई पूर्ण आत, मग झटक्यात बाहेर, प्लगची दोन्ही टोकं बाहेर राहतील अशी. मग चाक दोनदा फिरवून, दाब तपासून पुढे. हे सगळं टायर न काढता होतं.

काप पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर प्लग टिकत नाही. आता टायर काढायचा. व्हॉल्व्हची नट मुठीने सुटली नाही तर छोटा पक्कड लागतो, म्हणून तो हवाच. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढा, उरलेलं सीलंट आतच राहू द्या. यापुढची पायरी लोक हमखास विसरतात. टायरच्या आतून पूर्ण गोल, बोटाने, हळूच चाचपून काटे काढा. ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचे आणि बोरीचे पाच-दहा काटे महिन्यांपासून रुतलेले असतात. सीलंटने भोकं बुजवलेली असल्याने त्यांचा पत्ता नसतो. तसेच ठेवून नवी ट्यूब घातली तर शंभर मीटरमध्ये तीही बसते, आणि मग हातात काहीच उरत नाही. काटे काढले की कापाच्या जागी आतून ठिगळ ठेवायचं. जुन्या टायरच्या बाजूतून कापलेला तीन बाय पाच सेंटीमीटरचा तुकडा यासाठी घरूनच करून आणावा. त्याला चिकटवण्याची गरज नाही, ट्यूबचा दाब त्याला धरून ठेवतो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून, गोल करून मगच आत सरकवा. टायर शेवटी व्हॉल्व्हपाशी बसवा, पलीकडच्या टोकाला नाही.

गावातल्या पंक्चरवाल्या दादांकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं. आपला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्यात बसत नाही. त्यासाठीचं पितळी अडॅप्टर नखाएवढं आणि फार तर चहा-भज्यांच्या किमतीचं असतं. ते व्हॉल्व्हवरच लावून ठेवावं. ठिगळ लावायचं काम मात्र हे लोक आपल्यापेक्षा चांगलं करतात. खाली गावात पोचल्यावर फाटकी ट्यूब त्यांच्याकडे द्यावी.

बाकी सामानात मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, आपल्या फ्रेमचाच, सोबत हवा. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो, आणि तो सातारा शहरातही मिळेलच असं नाही. साखळीची जोडकडी आपल्या गिअरसंख्येची. मल्टिटूल, चेन तोडणी, दोन ट्यूब, हातपंप, चार-सहा झिप टाय, पंपाभोवती गुंडाळलेली मीटरभर डक्ट टेप. निघण्याआधी बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि कॅरिअरचे स्क्रू निळ्या थ्रेडलॉकने (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाने) बसवून घ्या. सड्यावरच्या थरथरीने स्क्रू सैल होतात आणि बाटली कधी उडाली ते कळतही नाही.

वारा

पवनचक्क्या इथे आहेत त्या वाऱ्यामुळे, आणि त्या आपल्याला वारा वाचूनही दाखवतात. पात्याचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. बहुतेक यंत्रं सेकंदाला तीन-चार मीटरच्या, म्हणजे तासाला अकरा-चौदा किलोमीटरच्या वाऱ्यावर फिरू लागतात आणि पंचवीस मीटरच्या, म्हणजे तासाला नव्वद किलोमीटरच्या आसपास स्वतःहून थांबतात. घाट चढून वर येताना पहिल्या आठ-दहा यंत्रांकडे बघा. सगळी शांत असतील तर दिवस सोपा. सगळी वेगाने फिरत असतील तर फेऱ्याची दिशा तिथेच ठरवा. एकाच यंत्रावरून निष्कर्ष काढू नये, ते दुरुस्तीसाठी बंद असू शकतं.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा आणि सगळ्यात जोराचा. हिवाळ्याच्या सकाळी पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, मंद. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर कोकणाकडून समुद्रावरचा वारा चढतो. हा सडा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला असल्याने वारा बहुतेक वेळा आडवाच मिळतो. समोरच्या वाऱ्यापेक्षा तो त्रासदायक, कारण सुट्या मुरुमावर पुढचं चाक ढकललं जातं. उंच कडांच्या रिम इथे आणू नयेत. हाताची पकड सैल, कोपरं वाकलेली आणि वजन खाली ठेवावं. कड्याच्या बाजूने रस्ता जात असेल तिथे कड्यापासून दूरची चाकोरी धरावी. दोन टेकाडांच्या मधल्या खिंडीत वारा एकदम दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तिथे आधीच वेग कमी करावा, पश्चिमेचा वारा वाहत असेल तर उतरून चालण्यातही कमीपणा नाही.

रस्ता चुकणं

सड्यावरच्या रस्त्यांची रचना माशाच्या काट्यासारखी आहे. मध्ये कणा आणि त्यातून प्रत्येक पवनचक्कीकडे फुटलेला एक फाटा. फाटा यंत्राच्या पायथ्याशी संपतो. स्वच्छ हवेत ते दिसतं. पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा मीटरपलीकडचं दिसत नाही, सगळे फाटे सारखे वाटतात आणि वरून फक्त पात्यांचा घूं-घूं आवाज येत राहतो. म्हणून मार्गाची जीपीएक्स फाइल (जीपीएसवर दिसणारी मार्गाची रेघ) फोनमध्ये आणि ऑफलाइन नकाशावर आधीच उतरवून घ्यावी, मोबाइलची रेंज तुटक आहे. प्रत्येक मनोऱ्यावर त्याचा क्रमांक रंगवलेला असतो. कण्यावरून जाताना दर दोन-तीन किलोमीटरला तो टिपून ठेवायची सवय लावावी. मदत मागायची वेळ आली तर "चाळकेवाडीच्या पुढे कुठेतरी" म्हणण्यापेक्षा मनोऱ्याचा क्रमांक सांगितला की तिथल्या सुरक्षारक्षकाला जागा नेमकी कळते. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२.

काही रस्ते खासगी आहेत, काही ठिकाणी साखळी किंवा फाटक असतं. राखणदार दिसला की थांबावं, सायकलवरून उतरावं आणि विचारावं: "दादा, सायकलनं पुढं जाऊ का? आणि ही वाट खाली वाडीत उतरते, का पंख्यापाशीच संपते?" नीट विचारलं की बहुतेक वेळा वाटही मिळते आणि पाणीही. नाही म्हणाले तर परत फिरायचं. फाटकाखालून सायकल सरकवणाऱ्यांमुळे पुढच्या सगळ्यांची वाट बंद होते. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाजवळ जाऊ नये आणि फिरत्या पात्याखाली जेवणाची पंगत मांडू नये.

धनगरवाड्यांवरची कुत्री राखणीचीच असतात आणि सायकल त्यांना चोरासारखी दिसते. वेगाने निसटण्याचा प्रयत्न सुट्या मुरुमावर यशस्वी होत नाही. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा, चालत राहा, मोठ्याने "ओ मामा" अशी हाक मारा. घरातून कुणी बाहेर आलं की कुत्रं गप्प होतं. दगड उचलू नका. पाटणच्या बाजूला कोयनेचं जंगल जवळ आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून तिथेच आहे, आणि सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर गवा उभा असू शकतो. पन्नास मीटरवर थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो निघून जाईपर्यंत वाट बघायची. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा.

पाणी आणि वेळ

सड्यावर सावली नाही आणि डिसेंबरनंतर उघडं पाणीही नाही. दोन ७५० मिलिलिटरच्या बाटल्या आणि पाठीवर दीड लिटरची पिशवी, असं तीन लिटर सोबत हवं. मार्चनंतर त्यातल्या एक लिटरमध्ये ओआरएसची एक लिटरची पूर्ण पुडी घाला. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये, प्रमाण बिघडतं. खाण्यात राजगिऱ्याची वडी, खजूर, शेंगदाणा चिक्की, केळी. तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघायचं, म्हणजे दोन केळी किंवा सात-आठ खजूर. कंदी पेढे परतताना घ्यावेत, चढावर खवा पोटात जड होतो. ठोसेघरला मोसमात टपऱ्या असतात, पण त्यांच्यावर फेऱ्याची भिस्त ठेवू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. साताऱ्यातून साडेपाचला दिवा लावून निघालं की आठ-साडेआठला चाळकेवाडी, अकरापर्यंत सड्यावर, दुपारच्या जेवणाला खाली. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस येतो. सपाट सड्यावर माणूसच सगळ्यात उंच असतो, आणि मनोऱ्याचा आडोसा हा आडोसा नाही, वीज तिथेच आधी पडते. त्या महिन्यांत दुपारी एकच्या आत घाट उतरायला लागा. पश्चिमेला ढग उभे राहताना दिसले तर त्याहून आधी.

सडावाघापूरचा फेरा जास्त अवघड आणि माझ्या मते जास्त सुंदर. महामार्गावरच्या नागठाण्याहून तारळे, तिथून चढून सडावाघापूर आणि पलीकडे पाटणला उतरायचं. कड्यावर आदळणारा पश्चिमेचा वारा पाणी उलटं वर फेकतो तो धबधबा इथलाच, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये गाड्यांची रांग लागते. थंडीत तोच रस्ता रिकामा असतो. मुख्य रस्ता सोडून पठारावरच्या कच्च्या फाट्यांवर अर्धा दिवस सहज जातो. पाटणला उतरल्यावर कराड-चिपळूण रस्त्याची वाहतूक अंगावर येते. शक्यतो तिथे गाडी बोलावून ठेवावी, ट्रकांच्या सोबतीने परतीचा प्रवास करण्यात काही मिळवायचं नाही. उतार मोठा आहे. दोन्ही ब्रेक सतत घासत ठेवले तर रोटर तापतो आणि पॅड चकचकीत होऊन धरेनासे होतात. सरळ भागात जोराने दाबायचं, वळणाआधी सोडायचं, वळणात सायकल मोकळी ठेवायची.

चाक रस्त्यावरच

ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत सडा फुलतो. कासला मिळालेली प्रसिद्धी चाळकेवाडीला नाही, पण जमीन त्याच जातीची. कातळावर मातीचा थर काही सेंटीमीटरचा. त्यात गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी. ४५ चा टायर एकदा त्यावरून गेला की दबलेली ओळ पुढच्या मोसमातही दिसते, आणि तीच ओळ दुसऱ्याला वाट वाटते. फोटोसाठी सायकल फुलांत आडवी टाकणं तर नकोच. खड्डा चुकवायला रस्त्याच्या बाहेर चाक घालायचं नाही, खड्ड्यातून उतरून चालायचं.

उन्हाळ्यातही सडा रिकामा नसतो. चाळकेवाडीच्या सड्यावरचा गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला सरडा २०१६ साली नवी जात म्हणून नोंदवला गेला, त्याचं शास्त्रीय नाव सारडा सुपर्बा. एप्रिल-मेमध्ये नर दगडांवर चढून गळा फुलवून बसतात, रस्त्याकडेच्या दगडांवरही. याच सड्यावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चार पटींनी कमी आणि हे सरडे जास्त आढळले. शिवाय तिथले सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात, कारण वरून झडप घालणारं कुणी उरलेलं नाही. म्हणजे सायकल येताना दिसली तरी तो उशिरा पळतो. एप्रिल-मेच्या सकाळी आठ ते अकरा या वेळात, दगडांची रांग असलेल्या पट्ट्यांवर वेग दहाच्या आत ठेवा आणि नजर चाकापुढे चार-पाच मीटरवर. सुट्या मुरुमावर ब्रेक लागायला तेवढं अंतर लागतंच.